मुक्कामी गाडीची घोषणा

माझ्या नोकरीचं वाक्य ठरलेलं आहे. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. परभणीहून येऊन पाथरीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे." गावाचं नाव बदलतं, फलाट बदलतो, बाकी वाक्य तेच. तालुक्याच्या स्टँडवर, चौकशीच्या काचेआड, माईकसमोर बसून मी हे कितीतरी वर्षं म्हणत आले आहे. या वाक्याचा मोठा गुण असा की ते म्हणणारी कोण आहे यानं त्याला काही फरक पडत नाही. आमच्यापैकी कोणीही म्हटलं तरी चालतं.

आमच्यापैकी म्हणजे माझ्यापैकी. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी याला एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर. मग कागदावर गोल काढून समजावलं, की लहानपणी लेकराला सोसवणार नाही असं काही घडत राहिलं तर त्याचं मन एकत्र सांधलंच जात नाही. त्याचे भाग वेगवेगळे वाढतात. प्रत्येकीच्या आठवणी वेगळ्या, वागणं वेगळं, आणि एकीनं काय केलं ते दुसरीला ठाऊक असेलच असं नाही. मी विचारलं, औषध काय? त्या म्हणाल्या, याला गोळी नाही, बोलत राहायचं. मला काहीच वाटलं नाही. खाली उतरून मी चहा प्यायले आणि परतीची गाडी धरली.

आमच्या स्टँडवर गाडी लागली की लोक खिडकीतून आत रुमाल टाकतात आणि जागा धरतात. मग सावकाश दारातून चढतात. माझ्या बाबतीत रुमालाची सोय नाही. मी उठले की दुसरी बसते, आणि मी परत येते तेव्हा दोन गाड्या निघून गेलेल्या असतात.

दुसरी म्हणजे कोण, तेही सांगते. एक नेटकी आहे. ती साडीला इस्त्री करते, सगळ्यांना अहो-जाहो करते आणि साहेबांसमोर खाली मान घालते. एक भांडखोर आहे. दारू पिऊन काचेवर हात आपटणारे आणि स्टँडच्या दारात जीप लावून आमचे प्रवासी पळवणारे तिला टरकून असतात. कंडक्टर लोकांना ती फार आवडते. आणि एक धाकली आहे. ती कमी येते. तिला माईक आवडतो, आणि ग्लुकोजची बिस्किटं. माझ्या टेबलाच्या खणात पुडा असतो तो तिच्यासाठी. मला स्वतःला ती बिस्किटं घशाखाली उतरत नाहीत.

आता हे लिहिणारी मी कोण, असं विचाराल. मला वाटतं, मी उरलेली आहे. पगार माझ्या नावावर येतो, डॉक्टरांकडे मी जाते, आणि बहुतेक वेळ मला काही वाटत नाही. थंडीत पाय झोपल्यावर जसं असतं तसं. पाय आपलाच असतो, हे दिसतं म्हणून कळतं.

नोकरीवर हे कोणाला कळलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाईमाणसाला लोक एक मोठी सवलत देतात. ती सकाळी गोड बोलली आणि दुपारी अंगावर आली, तर "आज मॅडमचं डोकं गरम हाय" एवढ्यावर भागतं. त्या एका वाक्यामागं आम्ही चौघी वर्षानुवर्षं राहिलो. आईचं म्हणणं वेगळं होतं. तिच्या मते माझ्या अंगात येत होतं. तिनं मला देवीला नेलं, गुरुवारी दर्ग्यावर नेलं, ऊद घातला, पाणी पाजलं. देवी अंगात आली असती तर गल्ली माझ्या पाया पडली असती. पण देवी चोळी-बांगडी मागते. माझ्या अंगात येणारी बिस्किट मागायची. दर्ग्याचे म्हातारे मुजावर हसून आईला म्हणाले, "अम्मा, हे भूत नाही, लेकरू आहे. घरी घेऊन जा." आईला ते तेव्हा पटलं नाही.

तर एकदा असं झालं. दुपार कलती होती. मी पाथरीची गाडी सांगितली, एवढं मला आठवतं. त्यानंतरचं एकदम हे, की काचेपलीकडं तीन नंबरच्या फलाटावर गर्दी आहे. तीन नंबरला त्या वेळी कोणतीच गाडी लागत नाही, हे स्टँडवरच्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. तो तिथंच सावलीला झोपतो. मी काच सरकवून म्हणाले, "तिकडं कशाला उभे राहिलात? तिथं गाडी नाही."

"मुक्कामी लागायलीय ना?" पिशवी काखेत धरलेला एक म्हातारा म्हणाला.

"कोण म्हणालं?"

"तुमीच की मॅडम. आत्ता दोनदा सांगितलंत."

त्यानं गाव सांगितलं. ते माझं गाव होतं. तिथं जाणारी मुक्कामी गाडी बंद होऊन जमाना झाला. मुक्कामी म्हणजे सांजच्याला गावात जायची, रात्री तिथंच राहायची आणि सकाळी लोकांना घेऊन परत यायची. ड्रायव्हर-कंडक्टर पारावर झोपायचे, गावातून त्यांना भाकरी यायची. मग रस्ता उखडला, जीपा आल्या आणि गाडी बंद झाली. ती मी सांगितली होती. ठरलेल्या वाक्यात, फलाट क्रमांकासकट. आवाज थोडा बारीक लागला असेल, पण आमचा भोंगा असा आहे की त्यातून पैलवान बोलला तरी नाकातच ऐकू येतो.

तिथंच थांबलं असतं तर बरं होतं. पण मुक्कामी पुन्हा चालू करा म्हणून गावानं वर्षानुवर्षं अर्ज दिलेले होते. फलाटावरच्या कोणीतरी गावात फोन लावला, की अर्ज मंजूर झाला, गाडी निघतेय. नवी गाडी गावात आली की तिची पूजा करायची, चाकापुढं नारळ फोडायचा, ड्रायव्हर-कंडक्टरला टोपी-उपरणं द्यायचं, ही आपल्याकडची रीत. अर्ध्या तासात गावानं झेंडूचा हार केला, हलगीवाला बोलावला आणि सगळे वेशीत जाऊन उभे राहिले. अंधार पडेस्तोवर हलगी वाजत होती म्हणे. मग त्यांनी नारळ मारुतीपुढं फोडला आणि हार जपून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो हार आमच्या स्टँडप्रमुख साहेबांच्या टेबलावर आला. सोबत गावातले दहा-बारा जण. "साहेब, हा कुणाच्या गळ्यात घालायचा, तेवढं सांगा," त्यातला एक म्हणाला. त्यांचा राग अगदी रास्त होता. साहेबांनी त्यांना चहा पाजला, भोंग्यात बिघाड झाला असं काहीतरी सांगितलं आणि ते गेल्यावर मला आत बोलावलं.

"मॅडम, हे काय होतं?"

तक्रार करायची तर कोणाची करू? आपलेच दात, आपलेच ओठ.

"मी वरती कळवलं नाही. पण हे एकदाच. परत झालं तर माईक काढून घेईन आणि तुम्हाला आगाराच्या भांडारात बसवीन. टायर आणि नट-बोल्ट मोजत बसा."

त्यांना ती साधी बदली वाटत होती. माझ्यासाठी ते नोकरी जाणंच होतं. भांडारात ठरलेलं वाक्य नसतं. कोणता टायर कोणाला दिला, काल काय बोलणं झालं, हे तिथं लक्षात ठेवावं लागतं. माझ्याकडं कालचं सगळं नसतं. स्टँडवर गाडी समोर येऊन उभी राहते, पाटीवर गाव लिहिलेलं असतं, आणि कोणीही शुद्धीवर आली तरी तिला काय म्हणायचं ते दिसतं. माईकसमोरची ती खुर्ची सुटली तर महिनाभरात मी घरी बसणार, हे मला पक्कं माहीत होतं. गाव कधीच सुटलं, आता तालुक्यातल्या घरात मी आणि आई, कमावणारी मी एकटी. वडील मागंच गेले.

तेव्हा मी घाबरायला हवं होतं. मी घाबरले नाही. माईकवर बसले आणि मानवतची गाडी सांगितली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धाकलीला गप्प करायला जाऊ नका, ती काय मागते ते बघा. ती काय मागते ते मला माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की मी लहान असताना आई-वडील दसरा झाला की ऊसतोडीला जायचे आणि मला नातेवाइकांच्या घरी गावातच ठेवून जायचे. त्या घरात काय झालं ते मी इथं लिहिणार नाही. सगळं मला ठाऊकही नाही. ज्यांना ठाऊक आहे त्या मला सांगत नाहीत.

पुढचं मला सांगितलं ते एका ड्रायव्हरनं. रिटायर व्हायला आलेले, त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणते. गाडी आणल्याची नोंद करायला ते खिडकीशी आले आणि रेंगाळले.

"ताई, हाराचं कळलं," ते म्हणाले. "मला तर लय वाईट वाटलं बगा. मी त्या मुक्कामीवर होतो ना, लय दिवस होतो. तिथं एक लेकरू यायचं. पोरगी. रोज सांजच्याला गाडीच्या दारापाशी उभी. उतरणाऱ्या एकेकाचं तोंड बघायची. समदे उतरले की मला विचारायची, माझी माय आली का. मी म्हणायचो, उद्याच्या गाडीला येईल. रोज तेच. दुसरं काय सांगणार लेकराला?" त्यांनी सही केली. "तुमच्याच गावची हाय. वळखत असाल तुमी."

"नाही," मी म्हणाले, आणि ते खरंच होतं.

घरी आल्यावर मी आईला हे सगळं, तीन नंबरच्या घोषणेपासून, जसंच्या तसं सांगितलं. ती मेथी निवडत होती. बराच वेळ निवडत राहिली.

"मीच म्हणले होते तिला," ती शेवटी म्हणाली. "निघताना रडायली होती. मी म्हणले, मी मुक्कामी गाडीनं येईन, तू गाडीपाशी थांब, तुला गूळ आणते. अन् आले ट्रकनं. मुकादमाचा ट्रक होता, भर दुपारी सगळ्यांना उतरवून दिलं. तू घरातून आलीस. माझ्या डोक्यावरचं गाठोडं घेतलंस अन् म्हणलीस, आई, चहा ठेवू का? केवढी होतीस तू. त्याच्या आधी मला माय म्हणायचीस. माझा ऊर भरून आला. मला वाटलं, लेकरू शहाणं झालं."

चहा ठेवणारी नेटकी होती, हे मला तिथंच कळलं. मी विचारलं, "मग माय म्हणणारी कुठं होती?"

आईचे हात थांबले. दर्ग्यावर, देवीला, डॉक्टरांकडे, कुठंही तिला जे पटलं नव्हतं ते तिला बहुधा मेथीच्या जुडीपाशी पटलं.

"गाडीपाशीच आसंल," ती म्हणाली.

तिनं भाजी फोडणीला टाकली. मी जेवले, भांडी घासली, झोपले. पुढचे काही दिवस असेच गेले. साहेब अधूनमधून खोलीतून बाहेर येऊन माझा आवाज ऐकत उभे राहायचे, आणि मी माझं वाक्य म्हणत राहायचे.

मग एक दिवस मी सेलूची गाडी सांगितली, आणि त्यानंतरचं एकदम हे, की मी खुर्चीत आहे आणि शेजारी मामा उभे आहेत. माईक त्यांच्या हातात आहे. ते घसा खाकरून सांगत होते, "झरीची गाडी एक नंबरला लागलीय, ज्याला जायचंय त्यानं बसून घ्यावं." कृपया नाही, लक्ष द्यावं नाही. माझ्या पायात चपला नव्हत्या. तोंड गोडमिट्ट झालं होतं, चिकट, दातांत काहीतरी अडकलेलं. मला वाटलं बिस्किटं. मी बाटली घेऊन मागच्या दारात गेले, दोनदा खळखळून चूळ भरली, तोंड स्वच्छ केलं आणि परत येऊन बसले. पहिल्यांदा डोळ्यांसमोर भांडार आलं, टायरच्या थप्प्या.

"मामा, मी माईकवर काय बोलले?"

"काईच न्हाई. माईकवर तुमी नव्हताच. दोन गाड्या मीच सांगितल्या."

"साहेब?"

"आले होते इचारायला, मॅडम कुठं हायेत म्हणून. मी म्हणलो, त्यांची आई आलीय. गेले परत आत." आई आलीय हे कारण आमच्या स्टँडवर अजून चालतं.

"आई? कशाला आली होती?"

मामांनी माईक जागेवर ठेवला. ते माझ्याकडं बघत नव्हते, बाहेर तीन नंबरकडं बघत होते. "गावच्या फाट्यावर चढली ती, माझ्याच गाडीत. डोक्यावर गाठोडं. ऊसतोडीच्या बाया आणतात ना, तसं. माझ्या मागच्या सीटवर बसली अन् म्हणली, दादा, आज गाडी तीन नंबरला लावता का. मी कामून म्हणून इचारलं न्हाई. लावली. मग तुमी पळत आलात. दारापाशी उभं राहून उतरणाऱ्या एकेकाचं तोंड बघायलात. तवा मी वळखलं, ताई."

मी टेबलाखाली पायांनी चपला चाचपल्या.

"सगळ्यात शेवटाला ती उतरली. तुमी म्हणलात, माय, आलीस का? ती म्हणली, आले."

"मग?"

"मग मी इकडं आलो. माईक रिकामा होता. पुढचं मी बघितलं न्हाई." त्यांनी टोपी नीट केली आणि गाडीकडं गेले. त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही.

माझी खुर्ची राहिली. तेव्हापासून आजवर आमच्या भोंग्यातून मुक्कामी गाडी सांगितली गेलेली नाही. खणातला बिस्किटांचा पुडा मऊ पडला, शेवटी मीच तो तीन नंबरच्या कुत्र्याला घातला. साहेब म्हणतात, मॅडम, आता भोंगा नीट चाललाय.

त्या संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा आई भाकरी थापत होती. डोळे सुजलेले, पण चेहरा असा हलका की मी तो आधी पाहिलेला नव्हता. मी पाट ओढून समोर बसले.

"काय बोललीस तिच्याशी?"

"बोलले काईतरी."

"काय?"

"ते तिचं अन् माझं हाय, बाई. तुला कशाला सांगू?" ती हे रागानं म्हणाली नाही. शेजारणीची गोष्ट शेजारणीपाशी ठेवावी, तसं म्हणाली.

मला हेवा वाटला. कितीतरी वर्षांनी मला काहीतरी वाटलं, आणि निघालं ते हे. आईनं मला कुशीत घेतलं असणार, तिथंच फलाटावर, सगळ्यांसमोर. ते अंग माझंच होतं आणि मी तिथं नव्हते. मी खांदे चाचपून बघितले. काही कळलं नाही.

"गाठोड्यात काय होतं?" मी विचारलं.

"दुसरं काय आसंल? गूळ. गुऱ्हाळावरून आणते म्हणले होते, तवा राहिला होता." तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला. "सगळा खडा खाल्ला तिनं. मी म्हणले, थोडा राहू दे, तर म्हणली, न्हाई, थोडा तोंडात ठेवते, घरी जाईपतूर पुरंल."

मी खालमानेनं जेवायला बसले. आईला मी सांगितलं नाही, की ती चव माझ्या तोंडात आली होती, आणि मी दोनदा चूळ भरून टाकली होती.